अक्षदाच्या हाताचा साचा

महाड, २२ एप्रिल २०२४

महिपतीबाबांना नमस्कार.

शाळेच्या नीलाबाईंच्या हाती हे पत्र देते आहे. तुमच्या वाडीवर फोन लागत नाही, आणि परवा शाळेत इतकी गडबड होती की मी काय सांगितलं आणि तुम्ही काय ऐकलंत याची मला खात्री नाही. तुम्ही सातवी शिकलेले आहात आणि तुमचं अक्षर माझ्यापेक्षा बरं आहे असं नीलाबाई म्हणाल्या, म्हणून लिहूनच देते.

आधी मी कोण ते सांगते. मी माधुरी. मी डॉक्टर नाही. महाड आणि पोलादपूर तालुक्यांतल्या शाळांमधून फिरते. ज्या मुलाला वर्गात बसायला, लिहायला, डबा उघडायला किंवा खेळायला अडचण येते, त्याचं नेमकं कुठे अडतंय ते पाहायचं आणि त्यातून वाट काढायची, हे माझं काम. त्याचं इंग्रजी नाव लांबलचक आहे. मुलं मला 'हातवाल्या बाई' म्हणतात, तेच बरं आहे.

डिसेंबरात तुमच्या नातीचा, अक्षदाचा, उजवा तळवा तापल्या तव्यावर टेकला. जखम आता भरली. पण भाजलेली कातडी भरताना आखडते आणि बोटांना आत ओढते. वर्षभर तरी ती ओढतच राहणार. म्हणून मी तो पांढरा साचा करून दिला आहे. रोज संध्याकाळी जेवण झालं की हात त्यात उघडा ठेवून पट्टे बांधायचे, सकाळी सोडायचे. एकही दिवस चुकवायचा नाही. हयगय झाली तर मूठ मिटेल, आणि तशी मिटलेली मूठ पुढे ऑपरेशनशिवाय उघडत नाही.

शाळेत तिच्या पेन्सिलीला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आहे. बाकाच्या उजव्या टोकाला बसवलंय, म्हणजे कोपर मोकळं राहील. मुली तिचा हात धरायला कचरतात हे मी पाहिलं. त्यावर मला एकच औषध माहीत आहे, झिम्मा. टाळी देताना तळवा आपोआप सपाट होतो. गौरीपर्यंत तिची टाळी खणखणीत वाजली पाहिजे, असं मी मनाशी धरलंय.

घरी कसं चाललंय ते कळवत राहा. लाजू नका, भांडायचं असेल तर भांडा.

माधुरी


वरची वाडी, कापडे, ९ मे २०२४

मा. मॅडम यांस महिपतीचा रामराम.

पत्र पोचलं. वीस वर्षं मुंबईला गोदामावर राखणदारी केली, तेव्हा घरी पत्र धाडायचो. त्यानंतर आज लेखणी धरतो आहे. नीलाबाई सगळ्यांच्याच अक्षराची तारीफ करतात, फार मनावर घेऊ नका.

मुलगा राजू आणि सून ज्योती धाकट्याला घेऊन मुंबईला असतात. अक्षदा आम्हा म्हातारा-म्हातारीजवळ. त्या दिवशी आमची म्हातारी, राही, भाकऱ्या भाजत होती. पाणी घ्यायला वळली आणि तेवढ्यात पोरीचा पाय घसरला. तेव्हापासून चूल पेटली की राही पोरीला दाराबाहेर बसवते आणि दर दोन भाकऱ्यांनी मान वळवून बघते. भाकऱ्या करपतात. तशाच खातो.

साचा राहीच बांधते. माझ्या हाताचं ते काम नव्हे. तिच्या हाताला गुण आहे. वाडीत कुणाच्या शेळीचा पाय मोडला की राहीला बोलावणं येतं. बांबूच्या कामट्या लावून असं बांधते की महिन्याभरात शेळी पुन्हा दुसऱ्याच्या वाफ्यात. तुम्ही शाळेत तो पांढरा पत्रा गरम पाण्यात घातलात, मऊ झाल्यावर पोरीच्या हातावर दाबलात आणि बघता बघता तो कडक झाला, ते राही डोळ्यांत तेल घालून बघत होती. वाटेत म्हणाली, "बाईच्या हाताला बी गुन हाय. आपल्या कामट्यांपरीस बरं हाय हे." एवढी तारीफ मला चाळीस वर्षांच्या संसारात मिळाली नाही.

एक अडचण आहे. पोर रडते. साचा बांधला की तासभर मुसमुसते, "आजी, सोड गो, सोड गो" करते. राही उठून गोठ्यात जाऊन बसते. जनावराचं ओरडणं तिनं जन्मभर ऐकलं, पण हे तिला ऐकवत नाही. काय करावं ते लिहा.

महिपती


महाड, १७ जून २०२४

महिपतीबाबांना नमस्कार.

शाळा सुरू झाली. दाखले, तपासणी, नव्या मुलांच्या याद्या, यात तुमच्या पत्राला उशीर झाला, रागावू नका.

रडते कारण ओढ बसते. ओढ बसते म्हणूनच कातडी लांब होते. थोडं रडू द्यावं लागेल, बाबा. बांधण्याआधी खोबरेल तेल लावून अंगठ्यानं तळव्यापासून बोटांच्या टोकापर्यंत हळूहळू चोळायचं, एकेक बोट उघडत जायचं, आणि बांधताना तिला गोष्ट सांगायची. ती गोष्टीत अडकली की हाताचा विसर पडतो. राहीबाईंना एवढं बजावा, की पट्टे सैल करायचे नाहीत.

पाऊस लागला की ओढ्यापलीकडे माझी गाडी येत नाही. आता भेट पाऊस ओसरल्यावरच. तोवर तुमची पत्रं हेच माझे डोळे.

माधुरी


वरची वाडी, २१ जुलै २०२४

मा. माधुरीताईंना रामराम.

आंबेनळी घाटात दरड आली, चार दिवस वाट बंद. दूध खाली गेलं नाही, घरातच आटवलं. त्यामुळे मांजरं माजली आहेत.

पण बातमी चांगली आहे. गेले पंधरा दिवस पोरगी हूं की चूं करत नाही. साचा बांधला की गोष्ट संपायच्या आत झोपते. पट्टे सैल केलेले नाहीत, तुमचा शब्द राहीनं पाळला. तिनं तिची काहीतरी युक्ती केली आहे. बायकांच्या युक्तीत पुरुषानं नाक खुपसू नये, नाही तर जेवण अळणी मिळतं. म्हातारी दहा वर्षांनी लहान झाल्यासारखी वागते आहे. परवा चुलीपुढे बसून ओव्या म्हणत होती.

पेन्सिलही आता घट्ट धरते. आधी सुटायची. वहीचं एक पान सोबत धाडतो, बघा.

महिपती


महाड, ५ ऑगस्ट २०२४

महिपतीबाबा,

पान बघितलं. रेघ सोडून एकही अक्षर खाली नाही. मी ते ऑफिसच्या कपाटावर चिकटवलं आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

रडणं थांबलं म्हणजे कातडी सैल पडत चालली आहे. निम्मी लढाई जिंकलीत. राहीबाईंची युक्ती मला शिकायची आहे, माझ्याकडे रडणारी आणखी सात पोरं आहेत. त्यांना माझा नमस्कार सांगा, आणि म्हणावं, तुम्ही करताय तेच करत राहा.

माधुरी


वरची वाडी, १५ सप्टेंबर २०२४

मा. माधुरीताईंना रामराम.

तुमचं मागचं पत्र मी राहीला तीनदा वाचून दाखवलं. तिनं ते देवाच्या फळीवर ठेवलं.

गौरी गेल्या. यंदा अक्षदा खेळायला उतरली. फुगडीला तिची पकड अशी की थोरल्या पोरींनी हात टेकले. कुणी हात धरायला कचरलं नाही, हे तुम्हाला मुद्दाम कळवतो. झिम्म्याला मात्र गंमत झाली. सगळ्यांच्या टाळ्या वाजतात आणि हिची वाजत नाही, नुसता हवेचा फुसका आवाज. पोरगी हसत हसत माझ्याकडे आली. म्हणाली, "आबा, माजी टाळी मुकी हाय." राही म्हणाली, "वाजंल गो, पुढच्या गौरीला वाजंल."

घावन केले होते. नीलाबाईंबरोबर तुमच्यासाठी धाडले आहेत.

महिपती


महाड, १९ सप्टेंबर २०२४

महिपतीबाबा,

शनिवारी मी येते आहे, गाडी नाही आली तर चालत येईन. अक्षदा आणि साचा दोन्ही शाळेत हवीत. तोवर एक करा. तिला हात पाटावर सपाट ठेवायला सांगा आणि तळव्याखालून पेन्सिल आरपार जाते का ते बघा.

माधुरी


महाड, २६ सप्टेंबर २०२४

ती. महिपतीबाबा,

शनिवारी शाळेत जे झालं त्याबद्दल लिहायला पाच दिवस लागले. चार कागद फाडले.

पेन्सिल आरपार जात होती. पेन्सिलच काय, माझी दोन बोटं जात होती. आणि साचा बघितला तर तो मी दिलेला उरलाच नव्हता, अर्ध्या मिटलेल्या मुठीसारखा झाला होता. मी वर्गाच्या दारात, पोरांदेखत ओरडले, "हा कुणी बिघडवला?" तेव्हा राहीबाई पुढे आल्या. त्यांचं बोलणं माझ्या कानात तसंच आहे. "म्या. पोर रडत व्हती. तुमी केलंत तसंच केलं. ऊन पान्यात घातला, मऊ झाला, तिच्या हातावर दाबला. जनावर वरडलं का बांध सैल करायचा असतो, नायतर पाय सडतो." त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. शाबासकी मिळेल असंच त्यांना वाटत होतं, कारण माझ्याच पत्रात तसं लिहिलेलं होतं.

शेळीच्या पायाला ते खरं आहे. इथे उलटं होतं. साच्यानं हाताला उघडं धरायचं होतं. दर वेळी हात जरा मिटला, दुखू लागला, की राहीबाईंनी साचाच हाताजोगा करून घेतला. दुखणं थांबलं ते म्हणून. पेन्सिल घट्ट बसायला लागली तीही म्हणूनच. मिटलेल्या हातात पेन्सिल बसणारच. आणि मी ते पान कपाटावर चिकटवलं.

आता माझं ऐका. गरम पाण्यात साचा मी त्यांच्यासमोर केला, पण पुन्हा गरम करू नका हे सांगितलं नाही. दवाखान्यात ते सांगावं लागत नाही, तिथे कुणी घरी करून बघत नाही. ज्या बाईच्या हाताला गुण आहे ती बघून शिकणारच, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नीलाबाईंना एक फोटो काढून आणा म्हटलं असतं तरी पुरे होतं. दुसरं याहून वाईट आहे. ऑगस्टच्या शेवटी आठवडाभर उघडीप होती. त्या आठवड्यात मी आंबेनळीच्या पायथ्याच्या दोन शाळा केल्या आणि तुमच्याकडे आले नाही. तुमचं पत्र वाचून मी अक्षदाचं नाव यादीत खाली ढकललं होतं.

ऑपरेशन करावं लागेल. मुंबईच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात मी बोलले आहे. राजूला कळवते.

राहीबाईंची माफी कशी मागू ते मला कळत नाही.

माधुरी


वरची वाडी, १२ ऑक्टोबर २०२४

माधुरीताई,

तुम्ही खरं लिहिलंत, मीही खरं लिहितो. राहीची युक्ती मला ठाऊक होती. पाण्याचं टोप मीच चुलीवरून उतरवून द्यायचो. तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्ही नको म्हणाल आणि पोर पुन्हा रडायला लागेल याची धास्ती होती. तेव्हा एकट्यानं पाप घेऊ नका. पण तुमचाही राग आला हे लपवत नाही. "करताय तेच करत राहा" हा कागद अजून देवाच्या फळीवर आहे.

राही बोलत नाही. म्हणजे गुरांशी बोलते. शाळेतल्या त्या शनिवारपासून तिनं पोरीला हात लावलेला नाही. वेणी घालत नाही, भाकर हातात देत नाही, ताट पुढे सरकवते. तेल लावायला म्हटलं तर म्हणाली, "दोनदा माज्या हातानं तिचा हात गेला. एकदा चुलीवं, एकदा हा. आता नाय." वरच्या आळीत शेळीचा पाय मोडला, बोलावणं आलं, गेली नाही.

पोरीला यातलं काही कळत नाही. तिला वाटतं आजी तिच्यावर रागावली. काल मला विचारलं, "आबा, म्या टाळी नाय वाजवली म्हनून?"

महिपती


मुंबई, ४ डिसेंबर २०२४

ती. बाबा,

मी दोन दिवस रजा टाकून आले आहे. ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले. मांडीची कातडी काढून तळव्याला लावली, ती धरली. तीन बोटं मोकळी झाली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पूर्ण उघडणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. अक्षदा चांगली आहे. वॉर्डातल्या सगळ्यांना तिनं सांगून ठेवलंय की आमच्या वाडीतून रायगड दिसतो. तो दिसत नाही ना? मी खोडून काढलं नाही.

नवा साचा मी माझ्या हातानं केला आहे. तो वर्षभर तरी बांधायचा आहे. ज्योतीला धाकट्याचं आहे, तिला इथल्या चाळीत जमणार नाही, म्हणून अक्षदा पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येईल.

खालचं राहीबाईंना वाचून दाखवा.

राहीबाई, चूक माझी होती. तुम्ही माझ्याकडे बघून शिकलात आणि मी तुम्हाला अर्धंच शिकवलं. या दोन तालुक्यांत मी शंभरेक घरं पाहिली, तुमच्यासारखा हात पाहिला नाही. हा साचा बाबांना नीट बांधता येणार नाही, तुम्हालाही ते ठाऊक आहे. तेल तुम्ही लावा, बोटं तुम्ही उघडा, पट्टे तुम्ही ओढा. ती रडेल. रडू द्या. मला तुमच्याशिवाय कुणी नाही.

माधुरी


वरची वाडी, २० फेब्रुवारी २०२५

चि. माधुरीस अनेक आशीर्वाद.

मॅडम, ताई सगळं झालं, आता हेच लिहितो. माझ्या मुलीच्या वयाची आहेस.

तुझं पत्र राहीला वाचून दाखवलं. पुन्हा वाचा म्हणाली. पुन्हा वाचलं. मग उठून गोठ्यात गेली. दुसऱ्या दिवशी पोरगी आली, संध्याकाळी मी साचा बांधायला बसलो. राही दारात उभी. पोर रडायला लागली, माझा हात ढिला पडला. दारातून राही म्हणाली, "आजून एक वढा." मी ओढला. रोज तेच. ती आत यायची नाही, हात लावायची नाही, पण दारातून हलायची नाही. "करंगळी राह्यली." "वरचा पट्टा." "आजून एक वढा." पोर ओरडायची तेव्हा चौकट धरून उभी राहायची. मला वाटलं, होळीपर्यंत आत येईल. तसं तुला लिहिणारही होतो.

जानेवारीच्या थंडीत तिला ताप भरला, छातीत कफ झाला. महाडच्या दवाखान्यात तीन दिवस ठेवली. तू तेव्हा पुण्याला शिबिरात होतीस, नीलाबाईंनी सांगितलं. चौथ्या दिवशी गुरांचं नाव काढून घरी चला म्हणून हटून बसली. डॉक्टर नको म्हणाले, पण मी आणली. ते बरोबर केलं की चूक, मला ठरवता येत नाही.

शेवटच्या दिवशी ती वाटीनं पाणी घेईना, चमच्यानं घेईना, तोंड फिरवायची. राजू आणि ज्योती मुंबईहून यायचे होते. अक्षदा साचा सोडून जवळ बसली होती. तिनं काय मनात आणलं कोण जाणे, तांब्यातलं पाणी उजव्या हातात ओतून घेतलं आणि आजीच्या तोंडापुढे धरलं. तो तळवा अजून पुरता उघडत नाही. पाणी मात्र त्यात थेंबभर सांडलं नाही.

राहीनं हाताकडे बघितलं. मग दोन्ही हातांनी पोरीचं मनगट धरलं आणि सगळं पाणी प्याली. चार महिन्यांनी तिनं पोरीला हात लावला. पिऊन झाल्यावर सोडला नाही. तू तेल लावून शिकवलं होतंस तसा तळव्यावरून अंगठा फिरवत नेला, ती दोन बोटं एकेक करून उघडली, आणि तशीच उघडी धरून पडून राहिली. पोर रडली नाही. दुखलं असणार. दिवेलागणीच्या आधी राही गेली.

बारावं-तेरावं सगळं झालं. राजू पोरीला मुंबईला नेतो म्हणाला. मी म्हटलं, साचा आहे तोवर इथेच राहू दे, शाळा इथे आहे. वाट कोरडी आहे, जमेल तेव्हा येऊन हात बघून जा. परवा नीलाबाईंनी वर्गात झिम्मा घेतला. टाळी वाजते, फार मोठी नाही, पण वाजते.

तुझा तो देवाच्या फळीवरचा कागद मी राहीबरोबर दिला. रागानं नाही दिला. तिनं तो जपला होता.

साचा आता मीच बांधतो. अक्षदा रडते, "आबा, सोड ना" म्हणते. गोष्टी मला फार येत नाहीत, गोदामाच्याच सांगतो. सगळे पट्टे बांधून झाले की मी एकदा दाराकडे बघतो. तिथे कुणी नसतं. मग अजून एक ओढतो.

महिपती